एका पेनीची पुडी

मैत्रिणींनो, मृगाचा पाऊस पडला, की आठवडे बाजारातून येणाऱ्या आपल्या पिशवीत एक वस्तू हमखास असते. बियांची पुडी! मेथी, कोथिंबीर, पालक, नाहीतर मांडवावर सोडायला दोडका-कारल्याच्या चार बिया.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं आणि सासर आंबेगावातलं. दोन्हीकडे चित्र सारखंच. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटच्या थप्प्या लागतात, मंचरला कांद्याच्या गोणी उतरतात. या मोठ्या व्यवहारात बाईचा हात असतो तो खुरपणीला, तोडणीला, निवडायला. पट्टीचे पैसे मोजायला तिला कोण बोलावतंय? तिचा स्वतःचा व्यवहार म्हणजे परसातले दोन वाफे. आणि त्यासाठी पदराच्या गाठीतले दहा-वीस रुपये सोडून घेतलेली ती पुडी.

आज मी तुम्हाला अशाच लहानशा पुडीवर मोठा झालेल्या एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. सॅम्युअल रायडर त्याचं नाव. इंग्लंडमधला बियाण्यांचा व्यापारी. गंमत अशी, की जग त्याला बियाण्यांमुळे ओळखत नाही. ओळखतं ते गोल्फच्या एका सोन्याच्या कपामुळे. घरातली मुलं टीव्हीवर खेळांचे चॅनल लावून बसतात, तेव्हा ‘रायडर कप’ हे शब्द तुमच्याही कानावर पडले असतील. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला युरोप. दोन्हीकडचे बारा-बारा खेळाडू तीन दिवस एकमेकांशी झुंजतात. ही लढत दर दोन वर्षांनी होते आणि सगळं जग ती बघतं.

तुम्ही म्हणाल, गोल्फचा आणि आपला काय संबंध? तो तर श्रीमंतांचा खेळ. पुण्यात येरवड्याला गोल्फचं मैदान आहे, पण आपल्यापैकी कितीजणी आत गेल्यात? बरोबर आहे तुमचं. पण या माणसाची गोष्ट ऐकाच. कारण ती श्रीमंतांच्या खेळापेक्षा, दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांची जास्त आहे.

सॅम्युअलचा जन्म २४ मार्च १८५८ चा. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात प्रेस्टन शहराजवळ वॉल्टन-ल-डेल नावाचं गाव आहे, तिथला. आपल्याकडे तेव्हा १८५७ चा उठाव पुरता शमलाही नव्हता. वडील बागकाम करणारे, पुढे त्यांनी रोपांचा आणि बियाण्यांचा व्यवसाय वाढवला. आई कपडे शिवायची. म्हणजे घर कष्टाचं, दोघांच्या हातांवर चाललेलं. पोरगा हुशार. शिक्षक व्हावं म्हणून मँचेस्टरच्या कॉलेजात शिकायला गेला, पण तब्येतीनं साथ दिली नाही आणि शिक्षण अर्धवट राहिलं. थोडे दिवस नोकरी करून तो वडिलांच्याच धंद्यात आला.

तिथं त्याच्या डोक्यात एक विचार घोळू लागला. त्या काळी बियाण्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे वाड्या-हवेल्यांचे मालक. त्यांच्या मोठमोठ्या बागा, हाताखाली माळी. ते बियाणं घेणार घाऊक. पण गिरणीत, रेल्वेत, खाणीत राबणाऱ्या माणसाच्या घरामागेही हातभर जागा असायची. त्याच्या बायकोलाही वाटायचं, चार फुलझाडं लावावीत, थोडी भाजी पिकवावी. तिला कुठं लागतंय शेरभर बियाणं? तिला चिमूटभर हवं, आणि परवडेल अशा किमतीत हवं. सॅम्युअलनं ठरवलं, बियाणं छोट्या पुडीत घालायचं आणि एका पेनीला विकायचं.

वडिलांना काही हे पटेना. अशा पुड्या बांधत बसलो तर नफा काय हातात पडणार, हा त्यांचा हिशेब. बाप-लेकांचं जमलं नाही. घरातला तयार धंदा सोडून सॅम्युअल लंडनला गेला आणि चक्क दुसऱ्या बियाणे व्यापाऱ्याकडे नोकरीला लागला. कल्पना मात्र त्यानं सोडली नाही. १८९५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, लंडनच्या उत्तरेला असलेल्या सेंट अल्बन्स या गावात त्यानं स्वतःचा धंदा मांडला. गावही विचार करून निवडलं होतं. तिथून रेल्वेनं देशात कुठंही टपाल पाठवायची सोय चांगली होती.

सुरुवात कशी झाली माहितीये? घरच्या बागेतल्या शेडमध्ये. बायको हेलन, घरात तिला नेली म्हणायचे. ती आणि सॅम्युअल, दोघं मिळून बिया पुड्यांत भरायचे. एक पुडी, एक पेनी. त्या वेळच्या विनिमयाच्या दरानं एक पेनी म्हणजे आपल्याकडचा साधारण एक आणा. फूल असो की भाजी, भाव तोच.

आणि त्यानं आणखी एक गोष्ट बरोबर हेरली होती. कामगाराला शनिवारी अर्धी सुट्टी असे. बागेत हात घालायला त्याला आठवड्यात तेवढीच दुपार मोकळी. म्हणून सॅम्युअल मालाचं टपाल शुक्रवारी टाकायचा. शनिवारी पुडी घरात, दुपारी बिया मातीत! गिऱ्हाइकाच्या खिशात किती पैसे असतात आणि त्याला सवड कधी मिळते, या दोन गोष्टी ज्याला कळल्या त्याचा धंदा का चालणार नाही? बचत गटाच्या पापड-लोणच्याचे स्टॉल लावणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

धंदा चालला, नव्हे धावला. शेड जाऊन मोठी इमारत आली, टपालानं देशभर माल जाऊ लागला. पुड्या भरायच्या कामावर गावातल्या बायका-मुली लागल्या. गावानंही त्याला मान दिला. १९०५ मध्ये तो सेंट अल्बन्सचा महापौर झाला. चर्चचं काम, मुलांना शिकवणं, नगरपालिकेच्या बैठका, धंदा, घरात तीन मुली... माणूस दिवसरात्र पळत होता.

आणि मग व्हायचं तेच झालं. पन्नाशीला आला आणि शरीरानं हात टेकले. १९०८ च्या सुमारास अतिश्रमानं तो आजारी पडला. चर्चमधल्या धर्मगुरूंनी त्याला सल्ला दिला, की मोकळ्या हवेत जा, गोल्फ खेळ. सॅम्युअलला आवड क्रिकेटची. गोल्फकडे तो आधी फारसा वळेना. पण तब्येतीपुढे इलाज नव्हता.

हा खेळ तसा सोपा आहे हो समजायला. लहानसा कडक चेंडू, लांब काठी, आणि भल्यामोठ्या हिरव्या माळावर दूर-दूर असलेली अठरा छोटी भोकं. कमीत कमी टोल्यांत चेंडू एकेका भोकात घालायचा. विटी-दांडू खेळलेल्या बाईला तर लगेच कळेल. खरी गंमत वेगळीच आहे. एक डाव पुरा करायचा तर चार-पाच मैल चालणं होतं. औषध म्हणजे ते चालणं!

एकदा मनावर घेतल्यावर मात्र सॅम्युअलनं धंद्यासारखाच खेळही मन लावून शिकला. शिकवायला एक व्यावसायिक खेळाडू ठेवला. घरच्या बागेत आठवड्याचे सहा दिवस सराव, रविवार देवाचा म्हणून सुट्टी. वर्षभरात हात इतका बसला, की १९१० मध्ये तिथल्या व्हेरुलम गोल्फ क्लबात त्याला प्रवेश मिळाला आणि १९११ ला तो क्लबाचा कॅप्टन झाला. बावन्न-त्रेपन्न वर्षांचा माणूस, ज्यानं पन्नाशीपर्यंत ती काठी हातात धरली नव्हती!

इथं मला राहून राहून आपल्या बायका आठवतात. पन्नाशी आली, की गुडघे बोलतात, साखर निघते, झोप जाते. डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. आपण मान हलवतो आणि घरी येऊन पीठ मळायला घेतो. आपल्याकडे बाई डोक्यावर पाटी घेऊन निघाली, तर रस्ता तिचा. नुसती चालायला निघाली, की चार माणसं विचारतात, कुठं निघालीस? त्यात आपल्या दोन्ही तालुक्यांत बिबट्याची भीती. उसाच्या कडेनं सांजवेळी एकटीनं जायचं धाडस कोण करणार? मग चालणं राहतं ते राहतंच. रायडरला कुणीतरी हक्कानं सांगितलं, की आता तू स्वतःसाठी वेळ काढ. आपल्याला हे सांगणारं घरात कोण असतं? नसेल, तर मैत्रिणींनीच एकमेकींना सांगायचं.

असो. गोष्टीकडे वळते.

गोल्फच्या मैदानावर आल्यावर रायडरला एक वेगळंच जग दिसलं. खेळणारे दोन प्रकारचे. एक हौशी, म्हणजे पैसेवाले. दुसरे व्यावसायिक, म्हणजे पोटासाठी खेळणारे. हे दुसरे बहुतेक कामकरी घरातले. लहानपणी साहेबांच्या काठ्यांची पिशवी उचलता उचलता खेळ शिकलेले. मोठेपणी साहेबांना शिकवायचं, त्यांच्या काठ्या दुरुस्त करायच्या, यावर त्यांचं घर चालायचं. खेळात साहेबांपेक्षा कितीतरी सरस, पण क्लबाच्या इमारतीत त्यांना मज्जाव. कपडे बदलायचे ते बाहेर, दुकानाच्या शेडमध्ये.

१९२० मध्ये अमेरिकेचा नामवंत खेळाडू वॉल्टर हेगन इंग्लंडमध्ये डील इथं मोठ्या स्पर्धेला आला. त्यालाही आत कपडे बदलू दिले नाहीत. गडी असा बिलंदर, की त्यानं भाड्याची आलिशान मोटार क्लबाच्या दारासमोर उभी केली आणि रोज त्या मोटारीत कपडे बदलले! लोक बघत राहिले.

हे वाचताना मला आपल्या पुण्यातलीच गोष्ट आठवली. पळवणकर बाळू हे नाव आपल्या मुलींना माहीत असायला हवं. चर्मकार समाजातले बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्रिकेट क्लबात मैदानाची निगा राखायचे आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करायचे. त्यातून ते असे तयार झाले, की हिंदूंच्या संघाला त्यांना घ्यावंच लागलं. पण चहाच्या वेळी बाकीचे आत, आणि बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा याच बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. इंग्लंडमध्ये भिंत वर्गाची होती, आपल्याकडे जातीची. आणि जातीची भिंत जास्त जाड, जास्त क्रूर. पण दोन्हीकडे रीत एकच, कला घ्यायची आणि कलाकाराला उंबऱ्याबाहेर ठेवायचं.

रायडरला या खेळाडूंबद्दल आस्था वाटू लागली. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या पाठीशी पैसा उभा राहत होता, त्यांना सराव आणि प्रवास करता येत होता. इंग्लंडचे खेळाडू मात्र दुकान सांभाळत, साहेबांच्या वेळा पाळत उरल्या वेळात सराव करायचे. मग ते मागे पडणार नाहीत तर काय? तोवर रायडरनं भाऊ जेम्सच्या साथीनं औषधी वनस्पतींची एक कंपनीही काढली होती, ‘हीथ अँड हेदर’ नावाची. आपल्या भीमाशंकरच्या पट्ट्यात आदिवासी बायका हिरडा गोळा करून विकतात ना, तसला वनौषधींचा माल, फक्त तिकडच्या झाडपाल्याचा. या कंपनीच्या नावानं १९२३ मध्ये त्यानं व्हेरुलम क्लबावर व्यावसायिक खेळाडूंसाठी स्पर्धा भरवली. एब मिचेल नावाचा एक गुणी खेळाडू होता, कामकरी वर्गातून वर आलेला. १९२५ मध्ये रायडरनं त्याला आपला खासगी शिक्षक म्हणून चांगल्या पगारावर ठेवलं. साहेबाला शिकवणं हे एक निमित्त. खरा हेतू हा, की मिचेलनं पोटाची चिंता सोडून सराव करावा.

ब्रिटन आणि अमेरिका यांच्या व्यावसायिक खेळाडूंची गाठ घालावी, ही कल्पना काही रायडर एकट्याची नव्हे. १९२१ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनईगल्स इथं असा एक सामना होऊनही गेला होता. पण तो तेवढ्यावरच राहिला. जून १९२६ मध्ये लंडनजवळच्या वेंटवर्थला दोन्ही संघ पुन्हा भेटले आणि ब्रिटननं साडेतेरा विरुद्ध दीड अशी धूळ चारली. (हा अर्धा गुण कसला, तर बरोबरी झाली की दोघांना अर्धा-अर्धा.) सामना संपल्यावर रायडर, मिचेल, दुसरा ब्रिटिश खेळाडू जॉर्ज डंकन आणि अमेरिकेचा तो बिलंदर हेगन चहाला एकत्र बसले. रायडरला हे बघून फार बरं वाटलं. दिवसभर ईर्ष्येनं खेळलेली माणसं संध्याकाळी एका टेबलाशी हसतखेळत बसतात, हे नेहमी का होऊ नये? डंकननं सुचवलं, की एखादा चषक असेल तर होईल. रायडर लगेच कबूल झाला. जिंकणाऱ्या प्रत्येकाला पाच पौंड द्यायचे आणि नंतर सगळ्यांनी मिळून चिकन सँडविचची पार्टी करायची, अशीही त्याची तयारी होती म्हणतात!

कप तयार झाला. सोन्याचा, सतरा इंच उंच, किंमत त्या काळी २५० पौंड. झाकणावर गोल्फ खेळणाऱ्या माणसाची छोटी मूर्ती आहे. ती कुणाची असेल? महापौर राहिलेल्या, पैसे देणाऱ्या रायडरची नाही. ती आहे एब मिचेलची. ज्याच्यासारख्या माणसांना क्लबात मागच्या दारानं यावं लागायचं, तो आज त्या कपाच्या माथ्यावर उभा आहे. मला विचाराल तर सगळ्या कथेत मला हीच गोष्ट सर्वांत आवडली.

पहिला अधिकृत सामना ठरला जून १९२७ मध्ये, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर इथं. आता एवढ्या माणसांनी समुद्रापार जायचं म्हणजे खर्च आला. एका गोल्फ मासिकानं ३००० पौंडांसाठी वर्गणीचं आवाहन केलं. श्रीमंत क्लबांनी हात आखडता घेतला आणि ५०० पौंड कमी पडले. ते रायडरनं भरले. निघायची वेळ आली आणि नेमकं मिचेलला अपेंडिक्सचं दुखणं निघालं, त्याला मागं राहावं लागलं. बाकीचे बोटीनं गेले आणि साडेनऊ विरुद्ध अडीच असे सपाटून हरले. पण नाट लागली नाही. कप दर दोन वर्षांनी खेळायचा ठरला.

१९२९ चा सामना इंग्लंडमध्ये लीड्सजवळ मूरटाऊनला झाला. तो ब्रिटननं सात-पाच असा जिंकला आणि रायडरनं तो डोळ्यांनी पाहिला. १९३१ ला अमेरिकेत पुन्हा हार. मधलं साल १९३०. त्या सालच्या १२ डिसेंबरला आपल्या आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला आणि हुतात्मा झाला. त्याच ब्रिटिशांच्या राज्यात एका बाजूला सोन्याचे कप होते आणि दुसऱ्या बाजूला हे, याचा विसर आपल्याला पडायला नको. माणसाचं चांगलं ते घ्यावं, पण काळ कसा होता तेही मुलांना सांगावं.

रायडरनं पाहिलेला शेवटचा सामना १९३३ चा, साउथपोर्टला. असा सामना तुम्ही-आम्ही पाहिला असता तर नखं खाऊन संपवली असती. इतर सगळे डाव संपून दोन्ही संघ बरोबरीत. मैदानावर उरले दोघंच, ब्रिटनचा सिड इस्टरब्रुक आणि अमेरिकेचा डेनी शूट. तेही शेवटच्या भोकापर्यंत बरोबरीत. शूटनं चेंडू भोकाकडे ढकलला तो पुढं गेला. परतीचा टोलाही हुकला. इस्टरब्रुकनं मात्र शांतपणे चेंडू आत घातला आणि ब्रिटननं साडेसहा-साडेपाच असा कप जिंकला. पंचाहत्तर वर्षांच्या रायडरला त्या दिवशी काय वाटलं असेल!

२ जानेवारी १९३६ ला लंडनमध्ये रायडरचं निधन झालं. नाताळसाठी सगळं कुटुंब तिथं जमलेलं होतं. सेंट अल्बन्सच्या दफनभूमीत त्याला ठेवताना त्याची आवडती गोल्फची काठी सोबत ठेवली. ज्या खेळानं पन्नाशीनंतर त्याला जगवलं, त्याची तेवढी आठवण.

तो गेला, कप राहिला. दुसऱ्या महायुद्धात खेळ थांबला. युद्ध संपलं तेव्हा इंग्लंडच्या खेळाडूंकडे परदेशी जायला पैसा कुठला? त्या वेळी धावून आला अमेरिकेच्या पोर्टलंड शहरातला रॉबर्ट हडसन, फळांचा व्यापारी. १९४७ च्या सामन्यासाठी पाहुण्या संघाचा खर्च त्यानं उचलला. म्हणजे बघा, बियाणेवाल्यानं लावलेलं रोप फळवाल्यानं वाचवलं!

१९६९ ची गोष्ट तर मुलांना मुद्दाम सांगावी अशी. शेवटचा डाव, शेवटचं भोक. अमेरिकेच्या जॅक निकलसनं आपला चेंडू आत घातला. ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला दोन-तीन फुटांवरचा टोला बाकी होता. तो चुकला असता तर अमेरिका जिंकली असती. निकलसनं तो टोला न खेळताच त्याला बहाल केला. सामना सोळा-सोळा असा बरोबरीत सुटला. प्रतिस्पर्ध्याची फजिती बघून मिळणारा विजय त्याला नको होता. जावा-जावांत, नणंद-भावजयांत कधी तरी असा एखादा टोला सोडून देता आला तर किती भांडणं वाचतील, नाही का?

पुढं ब्रिटन एकटं अमेरिकेपुढं टिकेना, म्हणून १९७९ पासून सगळ्या युरोपचा संघ खेळू लागला आणि लढत पुन्हा रंगायला लागली. २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ अमेरिकेच्याच मैदानावर युरोपनं पंधरा-तेरा असा कप जिंकला.

आता तुमच्या मनातला प्रश्न. यात बायका कुठं आहेत? आहेत तर! अमेरिकेतल्या हॅरियट आणि मार्गारेट कर्टिस या दोघी सख्ख्या बहिणी पट्टीच्या गोल्फ खेळाडू. १९०७ मध्ये अमेरिकेच्या महिला अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात दोघी एकमेकींविरुद्ध खेळल्या आणि धाकट्या मार्गारेटनं थोरलीला हरवलं. म्हणून काही बोलणं बंद झालं नाही. दोघींनी मिळून चांदीचं पात्र दिलं आणि १९३२ पासून ब्रिटन-आयर्लंड आणि अमेरिका यांच्या हौशी महिला खेळाडूंची ‘कर्टिस कप’ स्पर्धा सुरू झाली. व्यावसायिक महिलांना मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. युरोप विरुद्ध अमेरिका असा त्यांचा ‘सोल्हेम कप’ आला तो १९९० मध्ये. पुरुषांच्या कपानंतर त्रेसष्ट वर्षांनी! आपल्या देशाची अदिती अशोक या दोन्ही संघांत बसत नाही, पण २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला तिनं चौथा क्रमांक मिळवला. पदक थोडक्यात हुकलं. त्या सकाळी गोल्फचा गंधही नसलेली घरंसुद्धा टीव्हीसमोर बसली होती.

रायडरचं सगळं आयुष्य बघितलं, की माझ्या लक्षात येतं ते एवढंच. त्यानं दोनदा एकच काम केलं. ज्याला घाऊक परवडत नाही त्याच्यासाठी पुडी बांधली, आणि ज्याला दारातून आत घेत नव्हते त्याच्यासाठी खेळ उभा केला. दोन्ही वेळा त्यानं विचार केला तो बाहेर राहिलेल्या माणसाचा. आणि यातलं दुसरं काम त्याच्या हातून घडलं ते पन्नाशी उलटल्यावर.

आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी घरातल्या गावरान बिया जपल्या, त्याची दखल देशानं घेतली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. आपल्याही घरात राखेत घोळून गाडग्यात ठेवलेल्या बिया असतात. बचत गटानं मनावर घेतलं, तर त्याच बियांच्या छोट्या पुड्या करून आठवडे बाजारात ठेवता येतील. भाजीची नर्सरी करता येईल. त्याचा हिशेब बाईच्या हातात राहील, हे महत्त्वाचं.

दुसरं, चालायचं. एकटीनं नको, सांजवेळी उसाच्या कडेनं तर नकोच. सकाळी उजाडल्यावर पाच-सहाजणींनी ठरवून निघायचं. कुणी विचारलं कुठं निघालात, तर तब्येतीसाठी चाललोय असं सरळ सांगायचं. आठ दिवसांत विचारणारे थकतात.

आणि तिसरं, आपल्या मुली. गावाच्या मैदानावर संध्याकाळी पोरं खेळत असतात आणि त्यांच्या बहिणी कडेला उभ्या राहून बघत असतात. त्यांना कुणी जा म्हणत नाही, पण ये असंही म्हणत नाही. हे ‘ये’ म्हणणं आपल्या हातात आहे. भांडी नंतर घासता येतात. येत्या रविवारी आपल्या लेकीला, सुनेला, शेजारच्या पोरीला मैदानावर घेऊन जा. तिच्या हातात बॅट द्या, चेंडू द्या, नाहीतर विटी-दांडू द्या. जमलं, तर एखादा टोला तुम्हीही मारा!